अंगठा उठत नाही, खत मिळत नाही : युरियाचं अनुदान नेमकं कुणाच्या नावावर पडायलंय?

सेलूचा_कापूसवाला

नमस्कार मंडळी. विषय खताच्या मशीनचा हाय, म्हंजे दुकानात आधारवर अंगठा लावून ओळख पटवतेत त्या मशीनचा. ज्याला नीट माहिती असंल त्यानंच सांगा, कारण ऐकीव गोष्टींनी गावात आधीच लई गोंधळ झालाय.

आमची जमीन वडलांच्या नावावर. वडील आता थकले, आयुष्यभर वखर-कुळव धरून बोटांच्या रेषा पार घासून गेल्यात. बँकेत बी अंगठा उठत नाही अन् खताच्या दुकानात बी नाही. कापूस-सोयाबीन दोन्ही पेरून झालं, आता कापसाला युरिया द्यायची वेळ, वरून पाऊस झालाय, जमिनीत ओल हाय, ह्या दोन-चार दिवसात खत पडलं तर उपयोग. दुकानात ही गर्दी. वडलांना गाडीवर बसवून नेलं, मशीनवर एकेक बोट लावून बघितलं, ते लाल लाईट मारतंय नुसतं. दुकानदार म्हणायलाय दुसऱ्या कुणाचं आधार आणा. मी म्हणलं सातबारा तर ह्यांच्या नावावर हाय, दुसऱ्याच्या आधारवर घेतलं तर उद्या अनुदान दुसऱ्याच्या नावावर पडंल, अन् काही चौकशी लागली तर आम्ही काय दाखवायचं? त्याच्याकडं बोलायला टाईम नव्हता, माझ्या मागं सगळी लाईन आरडायली.

आता दुसरी गोष्ट, जी मला जास्त टोचायली. मागच्या हंगामात वडलांच्या मोबाईलवर एक मेसेज आला होता की तुमच्या नावावर युरियाच्या एवढ्या एवढ्या बॅगा खरेदी झाल्या. आम्ही तेव्हा युरिया घेतलाच नव्हता, रानात पाणीच नव्हतं तर घेऊन काय करावं. म्हंजे ज्या माणसाचा अंगठा उठत नाही त्याच्याच नावावर माल गेला कसा? बहुतेक पूर्वी कधीतरी आधारची झेरॉक्स दिलेली असंल.

तर माझं विचारणं असं हाय की खत घ्यायला सातबारावाल्याचाच अंगठा लागतो का, अन् हे अनुदान म्हणतेत ते आपल्या खात्यात येतं का कुठं जातं, अन् न घेतलेल्या बॅगा आपल्या नावावर दिसायल्या तर पुढं आपल्याला खत कमी भेटंल का. शेजारची चार एकर मी बटईनं करतो, तिचा तर माझ्याकडं कागदच नाही, तिच्या खताचं कसं?

कृषीसेवा_परभणी

भाऊ मी दुकानदार हाय, तुमच्या तालुक्यातला नाही, म्हणून मोकळं बोलतो.

पहिलं उत्तर सरळ हाय. सातबारा लागत नाही. ज्याच्याकडं आधार हाय त्यानं यावं, मशीनला ओळख पटवावी, खत न्यावं. तुम्ही स्वतःच्या आधारवर वडलांच्या रानाला बी घेऊ शकता अन् बटईच्या रानाला बी. सरकारचं धोरणच असं हाय की मागंल त्याला अनुदानाचं खत नाकारायचं नाही. अन् बोट उठत नसंल तर ओटीपीची सोय 2020 पासून मशीनमध्ये दिलेली हाय, फक्त मोबाईल नंबर आधारला जोडलेला पाहिजे. आमच्याकडं म्हाताऱ्या माणसांचे निम्मे नंबर बंद पडलेले असतेत किंवा पोराचा जुना नंबर असतो, तिथंच गाडं अडतं. तेवढं आधार केंद्रावर जाऊन आधी नीट करून घ्या.

आता अनुदानाचं. हे डीबीटी, म्हंजे थेट लाभ हस्तांतरण, म्हणून सांगतेत म्हणून लोकांना वाटतं गॅससारखं खात्यात पैसे येतील. खताचं तसं नाही. तुम्ही 45 किलोची युरियाची बॅग 266 रुपये 50 पैशाला घेता, तिची खरी किंमत सरकारच्याच हिशोबानं दोन हजाराच्या वर जाते, मधला फरक सरकार कंपनीला देतं. पूर्वी माल जिल्ह्यात पोचला की कंपनीला बहुतेक पैसे मिळायचे. 2017-18 पासून नियम बदलला, आता मी मशीनवर तुमची ओळख घेऊन विकलं तरच त्या बॅगेचं अनुदान कंपनीच्या क्लेममध्ये चढतं. म्हंजे अंगठा तुमचा, पैसा कंपनीला. तुमच्या नावावर ना काही जमा होतं, ना कापलं जातं.

पण माझी बाजू बी ऐका. पाऊस पडला की दोन-तीन दिवसात सगळा तालुका दुकानात येतो. मशीन एक. नेट कधी हाय कधी नाही, सर्व्हर डाऊन झाला तर ते गोल फिरत बसतं. एका माणसाला पाच-सात मिनिटं लागली तर दिवसभरात किती लोकांचं होणार तुम्हीच सांगा. लोकं म्हणतेत, शेठ आधार नंबर लिहून घ्या अन् बॅगा द्या, टेम्पो थांबलाय. लई दुकानदार वहीत लिहितेत, माल देतेत, अन् संध्याकाळी नेट आलं की जे चार घरचे लोक हाताशी असतील त्यांच्या अंगठ्यावर मशीनला उतरवतेत. चूक हाय हे मी बी मानतो, पण माणूस दारात रडायलाय अन् मशीन चालंना, तर करावं काय.

अन् ह्याचा फटका फिरून शेतकऱ्यालाच बसतो, तो कसा ते लक्षात घ्या, कारण हे कुणी सांगत नाही. समजा माझ्या गोडाऊनमधून 200 बॅगा गेल्या अन् मशीनला 40 च उतरल्या. मशीन म्हणतं ह्याच्याकडं 160 शिल्लक. जिल्ह्याला तेच दिसतं, पुण्याच्या कृषी आयुक्तालयाला तेच, दिल्लीला तेच. अशी 100 दुकानं झाली की कागदावर तालुक्यात हजारो बॅगा दिसतेत, पेपरला बातमी येते की खताचा मुबलक साठा हाय, अन् पुढची रॅक, म्हंजे खताची मालगाडी, दुसऱ्या जिल्ह्याला जाते. इकडं माझं गोडाऊन झाडून रिकामं. त्यात तपासणी आली अन् मशीनचा साठा जुळला नाही तर लायसन सस्पेंड.

कमिशन म्हणाल तर युरियाला टनाला 354 रुपये, म्हंजे बॅगेला 16 रुपये बी पुरते पडत नाहीत. त्यात हमाली, गाडीभाडं, उधारी. वरून कंपन्या म्हणतेत युरिया पाहिजे तर हे दुसरं पण घे, ते मी कुणाच्या गळ्यात मारू? मी मारत नाही, म्हणून मला युरिया कमी येतो.

गेवराई_कोरडवाहू

दादा तुमचं दुकानाचं पटलं, पण मला त्या खात्यात पैसे टाकायच्या गोष्टीवर बोलायचंय, कारण आमच्या गावात काही लोक म्हणायलेत की कंपनीला कामून देता, सरळ शेतकऱ्याच्या खात्यात टाका. ऐकायला लई गोड वाटतं.

माझं बघा. मालक वारले त्याला बरेच दिवस झाले. जमीन अजून सासऱ्यांच्या नावावर, ते बी नाहीत आता, दोन दीर, फेरफार अडकलेला. शेत मी करते, खुरपायला मी, फवारायला मी, बाजारात मी. पीएम किसान मला नाही, नमोचा हप्ता नाही, कारण सातबाऱ्यावर माझं नाव नाही. पण खताच्या दुकानात मी माझ्या आधारवर बॅग घेते तर मला बी तीच 266 रुपयाला भेटते जी पाटलाला भेटते. गरीब बाईला कुणासमोर हात न पसरता मिळणारी सरकारची एवढी एकच गोष्ट असंल. ती जर उद्या सातबारा बघून खात्यात टाकायला लागले तर पैसे दीर घेतील अन् खत मी दोन हजाराला घेईन.

2020 ला केंद्राच्या कृषीमूल्य आयोगानं शिफारस केली होती की शेतकऱ्याला वर्षाला 5000 रुपये द्या, खरिपाला अडीच अन् रब्बीला अडीच. हिशोब करा, अनुदान काढलं तर अडीच हजारात युरियाची एक बॅग येती, दुसरी धड येत नाही. डीएपी खताचं तर नावच काढू नका. माझ्या कापसाला एवढं पुरंल का?

अन् जूनमध्ये नगद असतं कुणाकडं? आमच्याकडं बी-बियाणं, खत सगळं उधारीवर येतं, दिवाळीला कापूस निघाला की फेडायचं, त्यावर दुकानदार व्याज लावतो, काही लोक तर ऊसतोडीची उचल घेऊन खताचे पैसे भागवतेत. आज चार बॅगांची उधारी हजार-अकराशेची होते. अनुदान काढून बाजारभाव लावला तर तीच उधारी आठ-नऊ हजाराची होईल, अन् सरकारचे पैसे येतील तेव्हा येतील. तोवरचं व्याज कोण भरंल? म्हणून म्हणते, बाबांनो पिशवीवरच स्वस्त राहू द्या. मशीन सुधारा, पण हे खात्यात पैसे टाकायचं आणू नका.

देगलूर_सीमा

ताईचं बरोबर हाय पण अंगठा पाहिजेच, तो काढून चालणार नाही. आम्ही तेलंगणा-कर्नाटकच्या कडंला राहतो. इकडं टंचाई झाली की तिकडं जायचं, तिकडं झाली की ते इकडं. आधार सगळ्या देशात चालतं त्यामुळं दुकानदाराला कुणाला नाही म्हणता येत नाही, पण महिन्याचा पुरवठा ठरतो राज्य अन् जिल्हा धरून. म्हंजे गाडीभर माल पलीकडं गेला तर कमी आमच्या गावाला पडतं. मशीन नव्हतं तेव्हा तर काही ठिकाणाच नव्हता, आता निदान कुठल्या दुकानातून किती गेलं ते दिसतं तरी.

निवृत्त_कृषी_विस्तार

मी कृषी विभागात नोकरी केली, आता घरची शेती बघतो. वरचं सगळं वाचलं. दुकानदार भाऊंनी साठ्याचं जे सांगितलं ते शंभर टक्के खरं हाय, पण त्याची दुसरी बाजू त्यांनी सांगितली नाही ती मी सांगतो, कारण सेलूच्या भावाच्या मेसेजचा संबंध तिच्याशी असू शकतो.

एक प्रकार असा की माल गेला पण मशीनला उतरला नाही. उलटा प्रकार असा की मशीनला उतरला पण माल गेलाच नाही. म्हंजे हाताशी असलेल्या आधार नंबरांवर, ओळखीच्यांच्या अंगठ्यांवर बॅगा विकल्या म्हणून दाखवायच्या, माल गोडाऊनला ठेवायचा, अन् टंचाई आली की चढ्या भावानं काढायचा, नाहीतर कारखान्याकडं वळवायचा. युरिया प्लायवूडच्या गोंदाला लागतो, पशुखाद्यात जातो, अजून बऱ्याच उद्योगांना लागतो, अन् त्यांना बाजारभावानं घ्यावा लागतो, म्हणून शेतीचा स्वस्त युरिया तिकडं ओढला जातो. 2015 पासून सगळा युरिया निमकोटेड, म्हंजे निंबोळी तेलाचा थर दिलेला, केला तो ह्याच कारणानं. त्यानं फरक पडला, पण चोरी पूर्ण थांबली असं मी म्हणणार नाही. 2022-23 ला देशाचं खत अनुदान अडीच लाख कोटींच्या घरात गेलं होतं, एवढा पैसा ज्या वाटेनं वाहतो तिथं गळती शोधणारे बसलेलेच असतेत.

आता तुमचं. न घेतलेल्या बॅगा नावावर दिसल्या तर ते सोडून देऊ नका. प्रत्येक जिल्ह्यातल्या सगळ्यात जास्त खरेदी करणाऱ्या 20 लोकांची यादी दर महिन्याला पडताळणीला येते, टॉप 20 म्हणतेत तिला. त्यात नाव आलं की कृषी सहायक घरी येतो, जमीन किती, पीक काय, एवढा युरिया कुठं टाकला असं विचारतो. असल्या यादीत भूमिहीन मजूर निघालेले आम्ही बघितलेत, त्या बिचाऱ्यांना माहितीच नसायचं की आपल्या आधारवर काय चाललंय, अन् उत्तरं मात्र त्यांनाच द्यावी लागायची. तुमच्या दोन-चार बॅगांनी तुम्ही त्या यादीत जाणार नाही, पण आज दोन तर उद्या तीस.

मेसेजचा फोटो काढून ठेवा, त्यात तारीख असती. तालुका कृषी अधिकारी अन् पंचायत समितीचे कृषी अधिकारी, दोघांकडं लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तोंडी सांगू नका, तोंडी सांगितलेलं हंगामात कुणाच्या लक्षात राहत नाही. खत नियंत्रण आदेश 1985 प्रमाणं दुकानदाराला भावाचा अन् साठ्याचा फलक दर्शनी लावावा लागतो अन् प्रत्येक गिऱ्हाइकाला पावती द्यावीच लागते. मशीनची पावती मागायची, वहीच्या कागदावर लिहून दिलेलं घ्यायचं नाही. पावतीवर नाव कुणाचं, बॅगा किती, हे तिथंच उभं राहून वाचा. हे मी सगळ्यांनाच सांगतो, कारण शेतकऱ्याच्या हातात पुरावा म्हणून दुसरं काहीच नसतं.

लिंकिंगचं पण तेच. युरियासोबत नको असलेलं खत किंवा औषध घ्यायची सक्ती बेकायदेशीर हाय, मग ती दुकानदारानं शेतकऱ्यावर केलेली असो की कंपनीनं दुकानदारावर. कारवाई मात्र दरवर्षी खालच्या दुकानदारावर होते अन् वरचा सुटतो, हे मी नोकरीत असताना बी बोललो अन् आज बी बोलतो.

अन् ताई, तुम्ही लिहिलेलं मी दोनदा वाचलं. 2025 च्या 15 एप्रिलपासून आपल्या राज्यात कृषी योजनांना फार्मर आयडी लागतो. तो आयडी जमिनीच्या नोंदीवरून निघतो. पुढं खत त्याला जोडायची चर्चा हाय, किती जमीन अन् कोणतं पीक ते बघून किती बॅगा द्यायच्या ते ठरवायचं. कल्पना वाईट नाही, साठेबाजाला अडचण होईल, पण मराठवाड्यात बटईनं अन् ठोक्यानं किती जमीन करतेत ते सगळ्यांना माहिती हाय, अन् ते तोंडी असतं, जमीनमालक कागद करायला भितो की कूळ लागंल. त्या बटईदाराची अन् तुमच्यासारख्या बायांची नोंद कुठं करायची ह्याचं उत्तर आधी पाहिजे, मग जोडणी. नाहीतर जो खरा रानात राबतो तोच मशीनला दिसणार नाही.

फेरफाराचं तेवढं लावून धरा. वारसाच्या नोंदीला तलाठ्याकडं अर्ज द्या, दीर तयार नसले तरी वारस म्हणून तुमचं नाव लागायला पाहिजे.

सेलूचा_कापूसवाला

सगळ्यांचे लई आभार. माझ्या आधारवर ओटीपीनं युरिया भेटला, सातबारा विचारला नाही. पावती मागितली तर आधी म्हणला मशीनचा कागद संपलाय, थांबून राहिलो तर मग निघाली. पावतीवर नाव माझंच हाय, बॅगा बरोबर हायेत.

डीएपी मात्र कुठंच नाही. आता रब्बीला हरभऱ्याचं कसं करावं हाच विचार चाललाय, कुणी म्हणायलंय 1350 ची बॅग जास्त देऊन घ्या.

निवृत्त_कृषी_विस्तार

जास्त देऊन घेऊ नका, 1350 च्या वर मागितलं तर ती बी तक्रारच हाय. डीएपीच्या एका बॅगेत 9 किलो नत्र अन् 23 किलो स्फुरद असतं. सिंगल सुपर फॉस्फेटच्या तीन बॅगा घेतल्या तर 24 किलो स्फुरद होतं, सोबत 20 किलो युरिया टाकला की नत्राचं बी भागतं. सुपरमध्ये गंधक वरचं येतं, ते हरभऱ्याला अन् सोयाबीनला चांगलंच हाय. तीन बॅगा वाहून न्यायचा त्रास हाय एवढंच. माती परीक्षण केलेलं असंल तर आधी तो कागद बघा, स्फुरद भरपूर असंल तर एवढं टाकायची गरजच पडणार नाही.

गेवराई_कोरडवाहू

काका, वारस नोंदीला कागद कोणकोणते लागतेत? मृत्यूचा दाखला हाय मालकांचा, सासऱ्यांचा सापडंना. अन् दीर सही देत नाहीत.

निवृत्त_कृषी_विस्तार

सासऱ्यांचा मृत्यू ज्या ग्रामपंचायतीत नोंदला असंल तिथं दाखल्याची नक्कल मिळते, ग्रामसेवकाला लेखी मागा. दिरांच्या सहीवाचून वारसाचा अर्ज घेता येतो, तलाठी घेत नसंल तर मंडळ अधिकाऱ्याकडं द्या. दोन्ही मृत्यूदाखले, वारसांची नावं-पत्ते असलेलं प्रतिज्ञापत्र, जुना सातबारा अन् आठ-अ, तुमचं आधार. हरकत आली तर सुनावणी लागते, तेव्हा स्वतः हजर राहा, दुसऱ्याला पाठवू नका.

कृषीसेवा_परभणी

सेलूवाले भाऊ, तो मेसेजचा अर्ज दिला का? दिला असंल तर पुढं काय झालं ते इथं टाका. असा मेसेज अजून कुणाला आला असंल तर त्यांनी बी आपापल्या तालुक्याला अर्ज द्यावा, एकट्याच्या अर्जाला वजन येत नाही. माझ्यासारखे जे दुकानदार मशीनला माल नीट उतरवतेत त्यांना बी ह्यानं फायदाच हाय, मशीन अन् गोडाऊन जुळलं तरच रॅक वेळेवर येईल.

सेलूचा_कापूसवाला

सोमवारी देणार हाय. गावातल्या अजून दोघांना तसलाच मेसेज आलेला निघाला, दोघांनी बी एकाच दुकानात आधारची झेरॉक्स दिलेली. तिघं मिळून जातो.